काळा पोतारा

माझा विषय काय, हे लोकांनी मला विचारू नये असं वाटतं. विचारलं की सांगावं लागतं, सांगितलं की ऐकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं, आणि मग मला राग येतो. राग मला पटकनच येतो. जालन्याच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएचडीचं गाडं ओढते. लोखंड, निकेल आणि जस्त यांच्या ऑक्साइडची भुकटी करायची, तीही अशी की तिचा एकेक कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षा बारीक. आणि ती भुकटी मायक्रोवेव्ह लहरी किती शोषून घेते ते मोजायचं. रडारला विमान दिसू नये म्हणून, यंत्रांनी एकमेकांत लुडबूड करू नये म्हणून असलं काहीबाही लागतं. "आपल्या जिल्ह्यात कोणाला विमान लपवायचंय?" असं एका नातेवाइकानं मला लग्नाच्या पंगतीत विचारलं. मी म्हटलं, विमान नाही, तुमच्यापासून जिलेबी लपवायचीय. त्यांचं माझं बोलणं बंद झालं ते झालंच.

भुकटी करायचं काम मात्र मला मनापासून आवडतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये तिन्ही धातूंचे नायट्रेट विरघळवायचे, सायट्रिक ॲसिड घालायचं, वरून थेंब थेंब अमोनिया सोडायचा आणि भांडं तापत्या प्लेटवर ठेवून ढवळत राहायचं. पाणी आटत जातं, रस काकवीसारखा दाट होतो. मग आपण मागं सरायचं. कुठंतरी कडेला ठिणगी धरते, सगळं भांडं आतल्या आत पेटत फुगतं, तपकिरी धूर निघतो आणि तळाला उरते नुसती राख, फुंकर मारली तर उडून जाईल इतकी हलकी. ती खलायची, भट्टीत भाजायची, की झालं. चुंबक जवळ नेलं की ती काळपट भुकटी अंगावर काटा आल्यासारखी उभी राहते. लहर तिच्यात शिरली की कणाकणाला हलवत जाते, हलवता हलवता दमते, तिची थोडी ऊब होऊन जाते आणि परत फिरायला फारसं काही उरत नाही.

हे सगळं मी एकदा वडिलांना सांगितलं. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. माझं माहेर हसनाबादचं. दादा आणि आई तिथंच, शेत आणि दोन म्हशी घेऊन. मी, नवरा आणि आमची लेक जुन्या जालन्यात, एका धान्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पोळ्याला गावी गेले होते, तेव्हा दादांनी विचारलं, "बाई, तू एवढ्या वर्षांपासून काय करून राह्यलीस, मला बी समजू दे की." मी खुशीत होते. म्हटलं, "दादा, मोबाईलच्या, रडारच्या असतात ना लहरी, तसल्या लहरी गिळून टाकणारी भुकटी करते मी." दादांचा चेहरा असा फुलला की बस. संध्याकाळपर्यंत हॉटेलात चहा पिणाऱ्या सगळ्या गावाला कळलं होतं की आमची बाई लहरी गिळायची दवा बनवून राह्यली.

तोवर आमच्या गावच्या घरामागच्या मोकळ्या जागेत मोबाईलचा टॉवर उभा राहून बरेच दिवस झाले होते. लाईट गेली की त्याचा जनरेटर सुरू व्हायचा आणि लाईट तर आमच्याकडे जायचीच. वर लाल दिवा. आईच्या खोलीची खिडकी नेमकी त्याच बाजूला. तिची झोप टॉवर आल्यापासून गेली, हे खरं. पुढं संक्रांतीच्या सुमारास तिच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा गावानं आणि दादांनी एकाच दिवसात निकाल देऊन टाकला. टॉवरनं केलं.

ऑपरेशन झालं. केमोच्या सलाईनी झाल्या. त्या सलाईनींनी आईचे केस गेले, तोंडाची चव गेली, पण बाईनं हूं का चूं केलं नाही. मग डॉक्टर म्हणाले, आता शेक द्यायचे, आणि उशीर बिलकुल करायचा नाही. आत काही बारीकसारीक उरलं असेल तर ते शेकानंच जाईल. रेडिएशनला आमच्याकडं शेकच म्हणतात. आईनं विचारलं, "शेक म्हंजी कशाचा? कोळशाचा?" डॉक्टर बिचारे चांगले होते. हसून म्हणाले, "नाही हो मावशी, किरण असतात, लहरी म्हणा ना." झालं. त्या एका शब्दानं घात केला. आई तिथून उठली आणि गाडीत येऊन बसली. ज्या लहरींनी रोग दिला त्या मी पैसे देऊन अंगावर घेणार न्हाई, म्हणाली.

मी समजावलं. म्हणजे आधी समजावलं, मग ओरडले. टॉवरच्या लहरी आणि दवाखान्यातले किरण यांच्यात उंबऱ्यातली पणती आणि कडाडून पडणारी वीज इतका फरक आहे, टॉवरनं गाठी होतात असं कुठं सिद्ध झालेलं नाही, सगळं सांगितलं. दादा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "एक सांग मला. लहरी चांगल्या असत्या, तर त्या गिळायची दवा सरकार तुला कामून बनवू देतंय? चांगल्या चिजेला कोणी गिळायला लावतं का?"

याचं लांब उत्तर माझ्याकडे होतं. छोटं उत्तर नव्हतं. आणि आमच्या घरात लांब उत्तराला कोणी थांबत नाही.

डॉक्टरांचा फोन आला की मी काहीतरी कारण सांगून वेळ मारून न्यायची. मध्ये दसरा आला. आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात, म्हणजे घरातली वाकळ न् वाकळ धुवायची, भांडी घासायची आणि मातीच्या भिंतींना पोतारा द्यायचा. पांढरी माती पाण्यात कालवायची, त्यात फडकं बुडवायचं आणि भिंतीवरून फिरवायचं. हे बायकांचं काम. आईचा ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजलेला, उचलायची मनाई, म्हणून मी म्हटलं होतं की रविवारी येते आणि मी पोतारते.

त्याच आठवड्यात माझ्या स्वयंपाकघराच्या माळ्यावरचा जार गेला. लोणच्याची बरणी असते तेवढा प्लॅस्टिकचा जार, भुकटीनं भरलेला. कॉलेजच्या प्रयोगशाळेचं छत गळतं म्हणून मी तो घरी आणून ठेवला होता. एका वेळी भांड्यात चमचा-दोन चमचेच निघते ही भुकटी. राळेत कालवून तिची मोठी फरशी करायची आणि विद्यापीठात नेऊन मोजायची, म्हणून मी कितीतरी महिने साठवत होते. नवऱ्याला विचारलं, लेकीला विचारलं, कामवाल्या मावशींना विचारून त्यांचा अपमान केला. शेवटी आठवलं, दादा आईच्या गोळ्या न्यायला आले होते. फोन लावला.

"हां, घेऊन गेल्तो मी," दादा म्हणाले. एखाद्यानं कोथिंबिरीची जुडी नेल्यासारखं. "तुझ्या आईला लागत व्हती."

"लागत होती म्हणजे? खायला दिली की काय तिला?"

"येडी का खुळी तू? भिंतीला लावली."

मी तशीच निघाले. गाडीवर अख्ख्या रस्त्याला काय काय बोलायचं ते जुळवत गेले. घरात शिरले आणि आईच्या खोलीच्या दारात थांबले. तीन भिंती पांढऱ्या, नेहमीच्या. टॉवरच्या बाजूची भिंत खालपासून आढ्यापर्यंत काळी करडी. दादांनी पांढऱ्या मातीत माझा सगळा जार ओतला होता, थोडं शेण घातलं होतं आणि स्वतःच्या हातानं पोतारा दिला होता. ज्या माणसानं उभ्या जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही, त्यानं. फडक्याचे पट्टे वेडेवाकडे उठले होते. खिडकी विटा आणि चिखलानं बुजवून टाकली होती आणि तीही काळी केली होती. दादांच्या नखांत अजून ती भुकटी होती.

जुळवलेलं सगळं मी बोलले. जोरात बोलले. दादा म्हणाले, "हळू. तुझी आई झोपली हाय."

आणि ती खरंच झोपली होती, भरदुपारी, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. मी तिला असं झोपलेलं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. शेवटी मी चहा ठेवला.

शेजारणी भिंत बघायला येत होत्या. एकजण हात लावून म्हणाली, "बाई, आमाला बी दे की वाटीभर, आमच्या सुनेचं डोकं दुखतंय." आई उठून बसायला लागली होती, दोन घास जास्त खात होती. झोप मिळाली की माणूस सुधारतंच. मला झोपेचं कारण पहिल्या दिवशीच कळलं होतं. खिडकी बुजली, जनरेटरचा आवाज बंद झाला, लाल दिवा दिसेनासा झाला. भुकटीचा काडीचाही संबंध नव्हता. पण मी गप्प बसले. म्हटलं, झोपतेय तर झोपू दे.

मग डॉक्टरांचा परत फोन आला. या वेळी ते रागावले. म्हणाले, आणखी दिवस घालवले तर मला विचारायला येऊ नका. मी आईपाशी गेले. आई त्या काळ्या भिंतीला पाठ लावून बसली होती, आरामात. म्हणाली, "आता कशाला शेक? आता घरात येणंच बंद झालं ना त्यांचं. आतलं आपोआप जाईल. तुझ्या दवानं गुण आला बघ. उगी खर्चा कशाला?"

भिंत खरी मानली तर आई शेक घेत नाही, आणि शेक नाही घेतले तर आई जाते. भिंत खोटी पाडली तर तिची झोप जाते. यात तिसरं काही नव्हतं.

मी माझा फोन तिच्या हातात दिला, दार ओढून घेतलं, दादांचा फोन घेतला आणि मागं जाऊन टॉवरच्या पायाशी उभी राहिले. लावला. आत फोन खणखणीत वाजला. आई उचलेना. पूर्ण वाजून बंद झाला. मी परत लावला. परत वाजला.

"बस कर की आता," दादा अंगणातून म्हणाले.

मी आत आले. फोन तिच्या मांडीवर होता, ती त्याच्याकडे बघत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. माझी भुकटी ज्या लहरींसाठी आहे त्या या टॉवरच्या नाहीतच. असत्या तरी चिखलात कालवलेल्या एवढ्याशा पातळ थरानं काही अडत नाही. झोप लागली ती खिडकी बुजवल्यामुळं. आणि मुख्य म्हणजे या लहरी आपल्या सगळ्यांच्या अंगातून दिवसरात्र येतात जातात, त्यांनी काही होत नाही. तुझा आजार टॉवरचा नाही, आई. दादा दारात उभे होते. ते आपल्या हातांकडे बघत राहिले आणि मग चप्पल न घालताच शेताकडं निघून गेले.

आई म्हणाली, "म्हंजी सगळ्या आत येतच व्हत्या."

"येत होत्या. पण काही करत नव्हत्या."

"अन् मी आपली झोपत व्हते." तिनं फोन मला परत दिला. "कव्हा यायचं म्हंतेत डॉक्टर?"

मी जिंकले होते. आनंद काही झाला नाही. त्या दिवसानंतर आईची झोप परत गेली. खिडकी बुजलेलीच होती, आवाज नव्हता, दिवा नव्हता, तरी गेली.

संभाजीनगरला दवाखान्याच्या मागच्या गल्लीत आम्ही एक खोली घेतली. मी रजा टाकली, लेकीला आणि नवऱ्याला जालन्यात सोडलं. आईच्या छातीवर शाईनं रेघा आखल्या आणि त्या पुसायच्या नाहीत असं बजावलं. पहिल्या दिवशी तिला त्या थंड खोलीत मशीनखाली निजवलं, हात डोक्यावर घ्यायला लावला. मशीनवरचा माणूस म्हणाला, "चला, नातेवाईक बाहेर, जल्दी." आणि तोही निघाला. सिस्टरही निघाल्या. हातभर जाड दार हळूहळू सरकायला लागलं.

आई मान न हलवता म्हणाली, "तुमी सगळे कुठं निघाले?"

"बाहेरच आहोत, आई. लगेच होतं."

"काहीच होत न्हाई म्हंत व्हतीस ना?"

उत्तर होतं माझ्याकडे. हे किरण टॉवरचे नव्हेत, यांच्यात जोर आहे, तो तुझ्या आजारावरच लावायचाय, धडधाकट माणसानं रोज उगाच घ्यायचा नाही. औषधच आहे हे. सगळं बरोबर होतं. पण तेवढ्यात दार लागलं. बाहेर छोट्या टीव्हीवर ती दिसत होती, हात वर केलेली, एकटी. मी ते उत्तर बाकावर बसून मनातल्या मनात पूर्ण दिलं.

दुसऱ्या दिवशी मी तयारीनं गेले. कागदावर चित्र काढून नेलं होतं. आईनं बघितलंच नाही. दाराशी आली तशी मला म्हणाली, "तू जा. इथं बाकड्यावर नको बसू. गेटापाशी लिंब हाय ना, तिथं लांब जाऊन बस. तुला लेकरू हाय."

तेव्हा मला कळलं. तिनं माझा एक शब्दही मानला नव्हता. तिच्या लेखी हे तेच विष होतं, फक्त जास्त कडक. आणि तरी ती रोज सकाळी अंघोळ करून, रेघा सांभाळून, लुगडं नीट नेसून त्याच्याखाली जाऊन निजत होती. मी एकदा न राहवून विचारलं, "पटत नाही तर येतेस कशाला?" म्हणाली, "तुझं मन ऱ्हावं म्हून. मागून तुला वाटायला नको की आईनं माझं ऐकलं न्हाई." मी त्या कडुलिंबाखाली जाऊन बसायची. बाहेर आली की तिचा पहिला प्रश्न तोच, "लांब बसल्तीस ना?"

शेक पुरे झाले. तिला घेऊन जालन्याला आले, थोडे दिवस आमच्याकडेच राहा म्हटलं. माझी लेक आजीची वाट बघत होती. आजीच्या कुशीत शिरून झोपायचं हे तिचं लहानपणापासूनचं. धावत आली तर आईनं हात पुढं करून तिला थांबवलं. "तिथूनच बोल, बाळा. माझ्या अंगात त्या भरल्यात." मी म्हटलं, आई, अंगात काही राहत नाही, मशीन बंद झालं की संपलं, तू तिला खुशाल जवळ घे. डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांनीही तेच सांगितलं. ती हो हो म्हणाली आणि चादर घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. पोर रडायला लागली. मग मी चिडून म्हटलं, बरं, तुझ्या समाधानासाठी मध्ये काहीतरी लावते, पडदा लावते, फळी लावते, मग तर झालं?

"पडद्यानं काय व्हतंय?" आई म्हणाली. चिडून नाही, मला समजावून सांगत. "भिंतीनं बी अडत न्हाईत, हे तूच फोन वाजवून दावलं ना मला."

माझं त्या दिवशी काही चुकलं, असं मला आजही वाटत नाही. भिंत खोटीच होती. दुसरं काही केलं असतं तर ती शेकाला आलीच नसती. आजार पुढं हाडांत गेला तो गेलाच. शेकाला उशीर झाला म्हणून गेला की जायचाच होता, हे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. आई उन्हाळ्याच्या तोंडी गेली, हसनाबादच्या घरी. तोवर माझी लेक प्रत्येक रविवारी माझ्याबरोबर तिच्याकडं यायची, उंबऱ्याच्या अलीकडं बसायची आणि शाळेतलं सगळं तिथून मोठ्या आवाजात सांगायची. आई पलंगावरून ऐकायची, हसायची, मध्येच विचारायची, "लांब हायस ना?" पोर म्हणायची, "हो आजी, लांबय."